वडिलांच्या रक्तवाहिनीची जोखमीची शस्त्रक्रिया : करावी की न करावी, हे घरात कसे ठरवावे

लघवीच्या त्रासासाठी म्हणून उदगीरला आमच्या वडिलांची, अण्णांची, सोनोग्राफी केली आणि अहवालात प्रोस्टेटच्या खाली एक भलतीच ओळ आली : पोटातील महाधमनीला फुगवटा, रुंदी ६.१ सेंटिमीटर. महाधमनी म्हणजे हृदयातून निघणारी शरीरातली सर्वांत मोठी रक्तवाहिनी. अण्णांचे पोट दुखत नव्हते, पाठ दुखत नव्हती, आणि आदल्याच दिवशी त्यांनी तुरीच्या रानाला दोन चकरा मारल्या होत्या. पुढच्या पाच आठवड्यांत आम्ही भावंडांनी जे जे केले त्यातले पुष्कळसे बरोबर होते, पण क्रम चुकला होता. तो अहवाल आधी थोरल्या बंधूंनी वाचला, मग मेहुण्यांनी, मग पुण्यातल्या आत्येभावाने. ज्यांच्या पोटात तो फुगवटा होता त्यांच्यापर्यंत तो नवव्या दिवशी पोचला, तोही औषधाच्या दुकानातल्या मुलाच्या तोंडून. अण्णा घरी आले, टोपी खुंटीला अडकवली आणि एवढेच म्हणाले, “मला कामून नाही सांगितलं?” हा मजकूर त्या प्रश्नामुळे लिहिला आहे. ज्यांच्या घरी आज असा अहवाल आला आहे त्यांनी कोणती गोष्ट आधी करावी आणि कोणती नंतर, एवढेच त्यात सांगायचे आहे.

हातात किती वेळ आहे

डॉक्टरांना विचारण्याचा पहिला प्रश्न धोक्याचा किंवा खर्चाचा नसून वेळेचा असावा. रक्तवाहिन्यांच्या काही आजारांत तास मिळतात, काहींत आठवडे आणि काहींत महिने, आणि घरची बैठक कधी घ्यायची की घ्यायचीच नाही, हे त्यावरून ठरते. फुगवटा असल्याचे माहीत असलेल्या माणसाला एकाएकी पोटात किंवा कमरेत असह्य कळ आली, घाम फुटला, भोवळ आली, तर तो फुटत असण्याची शक्यता धरून १०८ ला फोन करावा आणि जिथे शस्त्रक्रिया होऊ शकते तिथेच न्यावे. एखादा पाय अचानक थंडगार, पांढरा आणि बधिर पडला तर तो वाचवण्यासाठी साधारण सहा तास हाताशी असतात. ते तास शेक देण्यात आणि तेल चोळण्यात घालवू नयेत.

आठवड्यांचा हिशेब वेगळा असतो. मेंदूकडे जाणारी मानेतली धमनी खूप अरुंद झाली असेल आणि नुकताच तोंड वाकडे होऊन, हात लुळा पडून पुन्हा सुधारला असेल, तर त्या धमनीच्या शस्त्रक्रियेचा सर्वाधिक उपयोग पहिल्या दोन आठवड्यांत होतो, त्यामुळे “दिवाळी झाल्यावर बघू” हे उत्तर तिथे महागात पडते. पायाची नस बंद होत आलेला म्हातारा माणूस रात्री पाय खाटेखाली लोंबकळत ठेवून झोपू लागतो, कारण पाय वर घेतला की आग होते आणि खाली सोडला की जरा बरे वाटते. घरच्यांना ती सवय वाटते. ती सवय नसते. पायाला रक्त पुरत नसल्याची ती खूण असते, आणि तिच्यासोबत अंगठ्याला न भरणारी जखम असेल तर थोड्याच आठवड्यांत निर्णय घ्यावा लागतो. पायाला पू, दुर्गंधी आणि ताप असेल तर आठवडेही नाहीत, त्याच दिवशी दाखल करावे.

पोटातला न दुखणारा फुगवटा मात्र महिन्यांच्या हिशेबातला असतो, आणि आम्ही त्यालाच तासांचा आजार समजून धावलो. सोनोग्राफीच्या खोलीबाहेर कुणीतरी “बॉम्ब” हा शब्द वापरला आणि पुढचे नऊ दिवस घरात तोच शब्द फिरत राहिला.

काहीच केले नाही तर काय होईल

शस्त्रक्रियेचा धोका सगळेच विचारतात. न करण्याचा धोका फार थोडे लोक विचारतात, आणि दोन्ही आकडे शेजारी ठेवल्याशिवाय ठरवता येत नाही. पोटातली महाधमनी साधारण २ सेंटिमीटर रुंद असते, आणि ३ सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक झाली की तिला फुगवटा म्हणतात. पुरुषांमध्ये ५.५ सेंटिमीटरपर्यंत ठरावीक काळाने सोनोग्राफी करत थांबणे सुरक्षित असते. ब्रिटन आणि अमेरिकेत झालेल्या मोठ्या चाचण्यांत त्याहून लहान फुगवट्यावर लवकर शस्त्रक्रिया करून जीव जास्त वाचले नाहीत. स्त्रियांमध्ये तो कमी रुंदीलाही फुटतो, म्हणून आईच्या बाबतीत ५ सेंटिमीटरपासूनच विचार सुरू करावा लागतो. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ज्यांना शस्त्रक्रिया झेपणार नव्हती किंवा ज्यांनी ती नाकारली होती अशा रुग्णांत एका वर्षात फुगवटा फुटण्याचे प्रमाण ५.५ ते ५.९ सेंटिमीटरला सुमारे ९ टक्के, ६ ते ६.९ ला सुमारे १० टक्के आणि ७ च्या पुढे सुमारे ३३ टक्के आढळले. अलीकडच्या अभ्यासांत हे आकडे याहून बरेच कमी आले आहेत. फुटल्यावर मात्र बहुतेक जण वाचत नाहीत, आणि कित्येक तर दवाखान्यापर्यंतही पोचत नाहीत.

आता दुसरी बाजू. फुगवट्यावर उपाय दोन प्रकारे होतो. एक तर पोट उघडून, धमनीला वरून चिमटा लावून, फुगलेल्या भागात कृत्रिम नळी शिवतात; किंवा जांघेतल्या धमनीतून गुंडाळलेली जाळीदार नळी वर सरकवून आतून बसवतात, म्हणजे रक्त त्या नळीतून वाहते आणि फुगलेल्या भिंतीवरचा दाब उतरतो. ब्रिटनमध्ये दोन्ही पद्धती झेपतील अशा रुग्णांची तुलना झाली, तेव्हा पहिल्या ३० दिवसांतले मृत्यू पोट उघडलेल्यांत ४.७ टक्के आणि आतून नळी घातलेल्यांत १.७ टक्के होते. हे ऐकून कुणीही दुसरी पद्धतच मागेल. परंतु त्याच रुग्णांवर पंधरा वर्षे लक्ष ठेवल्यावर नळीचा फायदा टिकला नाही, कारण नळी सरकते, कडेने रक्त झिरपते, पुन्हा आत जावे लागते, आणि आयुष्यभर तपासण्या कराव्या लागतात. ज्यांना पोटाची शस्त्रक्रिया झेपणारच नव्हती अशा अशक्त रुग्णांसाठी त्याच संशोधकांनी वेगळी चाचणी घेतली होती. त्यात नळी बसवल्यावर पहिल्या ३० दिवसांत ९ टक्के दगावले आणि एकूण आयुष्य वाढल्याचे दिसले नाही, कारण ती माणसे फुगवट्याआधी हृदयाने किंवा फुफ्फुसाने जात होती. माझ्या मते म्हाताऱ्या आईवडिलांच्या मुलांनी समजून घ्यावी अशी सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे : धोका शस्त्रक्रियेइतकाच माणसातही असतो.

म्हणून सर्जनना पुस्तकातला आकडा न विचारता “आमच्या वडिलांसाठी, तुमच्या हाती, या दवाखान्यात किती?” असे विचारावे. अशा किती शस्त्रक्रिया तुम्ही गेल्या वर्षी केल्या, वडिलांच्या धमनीची ठेवण आतून नळी बसवण्याजोगी आहे का, मधेच पोट उघडावे लागले तर त्याची तयारी आहे का, रात्री आयसीयूत कोण असते, किडनीने दगा दिला तर डायलिसिस त्याच इमारतीत आहे का, हे सगळे विचारायला संकोच वाटतो, पण चांगला सर्जन या प्रश्नांनी दुखावत नाही. आम्ही भेटलेल्यांपैकी एकाने “विश्वास नसेल तर दुसरीकडे जा” असे सुनावले. आम्ही गेलो, आणि बरे झाले.

आधार कार्डावरचे वय आणि अंगातले वय

आमच्याकडच्या म्हाताऱ्यांचे वय हा एक वेगळाच विषय आहे. निम्म्या लोकांच्या आधार कार्डावर जन्मतारीख १ जानेवारी असते, आणि खरे वय “पोलीस ॲक्शनच्या (१९४८ सालच्या हैदराबाद संस्थानावरच्या कारवाईच्या) वेळी मी गुरं वळायचो” अशा खुणेवरून काढावे लागते. अण्णा सांगतात की रझाकारांच्या दंगलीत आजी त्यांना अंगावर पाजत तुरीच्या फडात लपून बसली होती. १९४८ मधून हिशेब केला की वय सत्याहत्तर-अठ्ठ्याहत्तर निघते, तर आधार कार्ड त्यांना ७४ वर्षांचे म्हणते. सर्जनला खरे वय सांगावे. सरकारी योजनेला आधारवरचे चालते.

पण शस्त्रक्रियेच्या दृष्टीने दोन्हीपेक्षा अंगातली ताकद महत्त्वाची असते, आणि तिचा बराचसा अंदाज घरीच घेता येतो. ओसरीत चार मीटरचे अंतर खडूने आखावे आणि नेहमीच्या चालीने चालायला सांगावे. पाच सेकंदांपेक्षा जास्त लागले तर चाल मंदावली आहे असे धरतात. हात न टेकता खुर्चीतून उठता येते का, दोन मजले न थांबता चढता येतात का, सहा महिन्यांत धोतर किंवा सदरा सैल झाला आहे का, आंघोळ स्वतःची स्वतः होते का, कालचे आज आठवते का, हे टिपून न्यावे. दवाखान्यातली पाच मिनिटांची भेट जे दाखवत नाही ते या नोंदी दाखवतात. त्यांच्या जोडीला हिमोग्लोबिन, अल्ब्युमिन (रक्तातले प्रथिन), क्रिएटिनिन (किडनीचे काम दाखवणारा आकडा), साखरेची तीन महिन्यांची सरासरी, टू डी एको (हृदयाची सोनोग्राफी) आणि फुफ्फुसांची तपासणी यांचे कागद असावेत. क्रिएटिनिन विशेष सांभाळावे, कारण सीटी अँजिओग्राफीत, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या सीटी स्कॅनमध्ये, शिरेतून सोडतात ते औषध दुबळ्या किडनीला आणखी त्रास देऊ शकते. मधुमेहाची कोणती गोळी आधी बंद ठेवायची हे त्याच वेळी विचारून घ्यावे. बिडी आणि तंबाखू मात्र निर्णयाची वाट न पाहता सोडवावी. बिडीने फुगवटा भराभर वाढतो, आणि शस्त्रक्रिया ठरली तर फुफ्फुसांना सावरायला काही आठवडे मिळतात.

भूलतज्ज्ञांची भेट आदल्या रात्री न होता निर्णयाआधी व्हावी, असा आग्रह धरावा. माणूस टेबलावर किती तग धरेल याचे सर्वांत रोखठोक उत्तर बहुधा त्यांच्याकडूनच मिळते.

ज्याचे शरीर आहे त्याला विचारणे

आमच्या भागात “म्हाताऱ्या माणसाला कशाला घाबरवायचे” हे वाक्य मायेने बोलले जाते. ती माया खरी असते, पण तिच्या आडोशाने म्हाताऱ्या माणसाच्या हातून त्याचा शेवटचा मोठा निर्णय काढून घेतला जातो. कायद्याच्या दृष्टीनेही ते बरोबर नाही : शुद्धीवर असलेल्या, समज शाबूत असलेल्या प्रौढ रुग्णाची संमती त्याचीच लागते, जवळच्या नातेवाइकाची संमती तिच्या जागी चालत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली स्पष्ट केले आहे. तरीही संमतीपत्र मुलापुढे सरकवले जाते, आणि मुलगाही सही करून टाकतो.

सांगावे कसे, याचे थोडे तंत्र आहे. रात्री सांगू नये, सकाळी चहानंतर सांगावे. पाच जणांनी घेरून बसू नये, एकानेच बसावे, आणि शक्यतो ज्याच्याशी त्यांचे मोकळे बोलणे होते त्याने. आमच्या घरी ते काम अक्काने केले. ठिबकची नळी उन्हाने एके ठिकाणी फुगते आणि तिथली भिंत पातळ होते, हे अण्णांना दरवर्षीचे होते, त्यामुळे फुगवटा समजावायला चित्र काढावे लागले नाही. पायाचा बायपास सांगायचा असेल तर गाळाने बुजलेल्या पाइपलाइनच्या बाजूने दुसरा पाइप टाकून पाणी पुढे नेण्याची गोष्ट पुरते.

टक्के समजावणे अवघड असते, कारण १० टक्के म्हणजे कुणाला “काहीच नाही” वाटते आणि कुणाला “मेलोच”. अक्काने ताटात तुरीचे शंभर दाणे मोजून ठेवले. “तुमच्यासारखी शंभर माणसं. काहीच केलं नाही तर वर्षात इतक्यांची नस फुटंल,” असे म्हणून जुन्या अभ्यासाप्रमाणे दहा दाणे कडेला सारले, आणि खरा आकडा याहून कमीही असू शकतो हेही सांगितले. मग ते परत मिसळून, “नळी बसवली तर पहिल्या महिन्यात इतके,” म्हणून सर्जनने अण्णांसाठी सांगितलेले चार दाणे वेगळे केले. अण्णा बराच वेळ ताटाकडे पाहत बसले. मग पहिल्या हिशेबाचे दहा दाणे त्यांनी स्वतःच पुन्हा बाजूला काढले, उरलेल्या नव्वदांतले आणखी नऊ बोटाने सारले आणि म्हणाले, “हे पुढच्या सालचे.” धोका दरवर्षी साठत जातो, ही गोष्ट आम्हा शिकलेल्या मुलांच्या ध्यानात तोवर आली नव्हती.

“ऑपरेशन करायचे का?” असे सरळ विचारले तर “तुम्ही म्हणाल तसं” हेच उत्तर येते, आणि त्या उत्तरावर निर्णय उभारू नये. त्याऐवजी विचारावे की कोणती गोष्ट करता आली नाही तर जगण्यात राम वाटणार नाही. मरणाची भीती जास्त आहे की अंथरुणाला खिळण्याची. बरे होण्यासाठी तीन महिने त्रास काढायची तयारी आहे का, आणि तो काढूनही काठी कायमची लागली तर चालेल का. नकार आला तर त्याच्या पोटातले कारण शोधावे. कित्येक म्हातारी माणसे पैशासाठी नाही म्हणतात आणि वर “माझं झालं आता” असे कारण देतात. खर्चाची सोय झाली आहे हे दाखवून पुन्हा विचारावे. त्यानंतरही नकार राहिला तर तो खरा नकार मानावा.

दोन प्रसिद्ध माणसांचे दाखले इथे आठवतात. अल्बर्ट आइन्स्टाइन यांच्या पोटात असाच फुगवटा होता. १९४८ साली रुडॉल्फ निसेन या सर्जनने तो सेलोफेनने गुंडाळला. १९५५ च्या एप्रिलमध्ये तो फुटू लागला तेव्हा ७६ वर्षांच्या आइन्स्टाइन यांनी पुन्हा शस्त्रक्रिया करून घ्यायला नकार दिला आणि ते गेले. उलट मायकेल डिबेकी या अमेरिकी सर्जनने छातीतल्या महाधमनीचा पदर फाटण्यावरची शस्त्रक्रिया स्वतः विकसित केली होती. वयाच्या ९७ व्या वर्षी तोच आजार त्यांना झाला, त्यांनी आधी शस्त्रक्रिया नको म्हटले, पुढे ते शुद्धीवर नसताना पत्नीच्या आग्रहावरून आणि दवाखान्याच्या नीतिमंडळात वाद होऊन ती २००६ साली केली गेली. कित्येक महिने दवाखान्यात काढून ते उठले, शस्त्रक्रिया झाली याचे समाधान त्यांनी व्यक्त केले आणि २००८ साली ९९ व्या वर्षी वारले. दुसऱ्या गोष्टीचा आधार घेऊन वडिलांचा नकार मोडण्याचा मोह होतो. पण डिबेकी यांच्यापाशी जी यंत्रणा, जो पैसा आणि जे सहकारी होते ते आपल्यापाशी नसतात, आणि तसे उठून न बसलेल्यांच्या गोष्टी कुणी छापत नाही.

पायाच्या बाबतीत

पायाचा निर्णय पोटापेक्षा वेगळा असतो, आणि मधुमेह व तंबाखू यांमुळे आमच्याकडे तो जास्त वेळा येतो. माझे चुलते बापूकाका ८१ वर्षांचे, आधीच अर्धांगवायूने एक बाजू गेलेली, खाटेवरून खुर्चीत आणि खुर्चीतून खाटेवर एवढेच हलणे. उजव्या पायाची दोन बोटे काळी पडली. चुलतभावांनी “पाय वाचवायचाच” म्हणून वर्षात दोनदा अँजिओप्लास्टी (नसेत फुगा घालून ती आतून उघडणे) करून घेतली; जखम भरली नाही, रात्रभर विव्हळणे थांबले नाही, आणि शेवटी गुडघ्याखालून पाय काढावा लागला. पाय काढल्यानंतरच्या चौथ्या रात्री बापूकाका सहा महिन्यांनी पहिल्यांदा सलग झोपले. जो पाय चालण्यासाठी वापरला जाणार नाही, त्याच्यासाठी म्हाताऱ्या माणसाला पुन्हा पुन्हा टेबलावर घेऊ नये, असे माझे मत त्या रात्रीपासून झाले आहे. पाय काढणे हा नेहमीच पराभव नसतो. गुडघा राखता येतो का, हा प्रश्न मात्र ठासून विचारावा, कारण गुडघा राहिला तर जयपूर फूटवर चालणे किंवा निदान उठणे-बसणे पुष्कळ सोपे जाते.

ज्यांचे चालणे-फिरणे चांगले आहे त्यांच्या बाबतीत नस उघडण्याचा प्रयत्न जरूर करावा. बायपास की अँजिओप्लास्टी, यावर २०२२ आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत : पहिलीत पायातली स्वतःची चांगली शीर उपलब्ध असलेल्यांना बायपास अधिक लाभला, दुसरीत गुडघ्याखालच्या आजारात आधी अँजिओप्लास्टी केलेले अधिक बरे राहिले. म्हणून “हल्ली बायपास कुणी करत नाही” किंवा “स्टेंट म्हणजे तात्पुरते काम” अशा ठाम वाक्यांवर विसंबू नये. पायातल्या शिरेची डॉपलर तपासणी (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) झाली आहे का, एवढे विचारावे. मधुमेही माणसात घोट्याजवळच्या रक्तदाबाचा आकडा धमन्या कडक झाल्यामुळे खोटाच चांगला येतो, तेव्हा पायाच्या बोटातला दाब मोजायला सांगावा.

पैसा आणि अंतर

तालुक्याच्या गावी रक्तवाहिन्यांचा सर्जन मिळत नाही, त्यामुळे लातूर, संभाजीनगर, सोलापूर, पुणे की हैदराबाद, हा प्रश्न आमच्याकडे आजाराबरोबरच येतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे, आणि २०२४ च्या ऑक्टोबरपासून ७० वर्षे पूर्ण केलेल्या कुणालाही, उत्पन्न न पाहता, आयुष्मान कार्डावर तेवढेच संरक्षण मिळते. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो. दाखल होण्याआधी त्याच्याकडून हीच शस्त्रक्रिया आणि हीच नळी योजनेत बसते का, वरचा खर्च किती पडेल, हे लेखी घ्यावे. महाराष्ट्राबाहेर नेण्याआधी तिथे कार्ड चालते का ते विचारावे. न दुखणाऱ्या फुगवट्यासाठी घाईने जमीन विकू नये किंवा खाजगी सावकाराकडे जाऊ नये, कारण तेवढा वेळ हातात असतो. अंतराचाही हिशेब करावा : आतून बसवलेल्या नळीला दरवर्षी तपासणीला न्यावे लागते, आणि ते नेणारा माणूस घरात कोण आहे, हे शस्त्रक्रियेआधी ठरावे.

होकारानंतरचे आणि नकारानंतरचे

अण्णांनी होकार दिला, पण स्वतःच्या अटीवर : “येळवस झाल्यावर.” येळवस म्हणजे आमच्याकडचा वेळ अमावास्येचा सण. रानात कोपीखाली पांडवांची पूजा त्यांच्या हातची चुकली नव्हती, आणि रक्तदाब ताब्यात ठेवून तीन आठवडे थांबायला सर्जनची हरकत नव्हती. त्या तीन आठवड्यांत आम्ही एक काम नीट केले. शस्त्रक्रियेत गुंतागुंत झाली तर किती दूर जायचे, हे त्यांना विचारून वहीत उतरवले : थोड्या दिवसांचे डायलिसिस चालेल, कायमचे नको, व्हेंटिलेटर दोन आठवड्यांपर्यंत, त्यापुढे माणूस ओळखत नसेल तर नको. हेच कायद्याच्या रूपात करायचे असेल तर दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करता येते; सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ही पद्धत पूर्वीपेक्षा सोपी केली आहे. वहीची एक प्रत सर्जनच्या फाइलमध्ये लावली.

आयसीयूतला भ्रम मात्र कुणी आधी सांगितला नव्हता. दुसऱ्या रात्री अण्णा सर्ज्या आणि राजाला हाका मारू लागले. ती बैलजोडी विकून वीस वर्षे झाली होती. म्हाताऱ्या माणसांत मोठ्या शस्त्रक्रियेनंतर हे पुष्कळदा होते आणि बहुतेकदा काही दिवसांत उतरते. चष्मा, कानाचे यंत्र आणि कवळी लवकर परत द्यावी, दिवसा उजेड आणि रात्री अंधार राहील असे पाहावे, ओळखीचा एकच माणूस जवळ बसू द्या म्हणून विनंती करावी, आणि “वेड लागलं” असे त्यांच्यासमोर बोलू नये.

नकार आला असता तरी काम संपले नसते. तेव्हा रक्तदाब आणि कोलेस्टेरॉलची औषधे नेमाने द्यायची, तंबाखू बंद ठेवायची, आणि कळ आलीच तर दूरच्या शहराकडे धावायचे की घरीच दुखणे शमवायचे, हे आधी ठरवून सगळ्या भावंडांना एकाच वेळी सांगायचे असते. नाहीतर ऐन वेळी पुण्याचा भाऊ फोनवरून गाडी काढायला लावतो. दुखणे शमवणारी औषधे कोण लिहून देईल आणि ती कुठे मिळतील, हे घरच्या डॉक्टरांशी त्याच आठवड्यात बोलून घ्यावे. निर्णय पुन्हा बदलायची मुभा म्हाताऱ्या माणसाला आहे, हेही त्याला सांगून ठेवावे.

नळी बसवल्यावर पहिला सीटी साधारण महिन्याने आणि पुढे दरवर्षी तपासणी, त्यासोबत क्रिएटिनिन. अण्णांनी त्या तारखा दिनदर्शिकेवर स्वतः लिहिल्या आहेत. फाइलही आता त्यांच्याच लोखंडी पेटीत असते, आणि कुणाला अहवाल पाहायचा असेल तर त्यांना मागावा लागतो.